मातीच्या रेघेची दोन टोकं

वाळवी लाकडात शोधायची असं आपण धरून चालतो. आमच्या घरात ती पहिल्यांदा सापडली न्हाणीघराच्या स्विचबोर्डमध्ये.

घर देवरुखजवळचं, जांभ्याचं. वर मंगळोरी कौलं, ओटीला सागाचे खांब, मागे पडवी. काही वर्षांपूर्वी पडवीचा एक भाग बंद करून तिथे नवं न्हाणीघर आणि संडास बांधून घेतला. बाकी घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलं तसंच आहे. गीझर चालेना म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने बोर्डाचे स्क्रू काढून झाकण पुढे घेतलं, तर आतली सगळी पोकळी मातीने भरलेली. "कुंभारणीनं घर केलंय, वहिनी," तो म्हणाला. आमच्याकडे हे कुणीही म्हणेल. कुंभारीण माशीला सॉकेटचं भोक, कुलपाची खाच, न वापरलेल्या नळाचं तोंड, काहीही चालतं. पण तिची माती बारीक मळलेली, वाळून कडक झालेली असते आणि आत कप्पे असतात, कप्प्यांत तिने पिल्लांसाठी आणून ठेवलेले कोळी नाहीतर अळ्या. ही माती ओलसर होती. बोटात चुरली तेव्हा कणीदार लागली. एक ढेकूळ मी तळहातावर फोडलं, तर आतल्या वाटांमधून तांदळाच्या कणीहून लहान, मऊ, दुधट रंगाचे किडे उजेडापासून पळू लागले. त्यांच्यात तपकिरी डोक्याचे थोडे होते, ते मात्र पळाले नाहीत. जबडे उघडून तिथेच उभे राहिले. ते वाळवीतले शिपाई. वायरमनने आधी जाऊन मेन स्विच बंद केला, मग परत येऊन वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नाय, ही वाळवीच."

बोर्डात तिला खायला काहीच नव्हतं. तिचं अंग इतकं पातळ असतं की उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते, म्हणून ती जाईल तिथे मातीचा बोगदा बांधत जाते. भिंतीत पुरलेला वायरींचा पाइप म्हणजे अंधारी, बंद, आयती वाट. बोर्ड हा तिच्या रस्त्यावरचा एक थांबा होता. जाणं कुठे आणि येणं कुठून, हे दोन्ही प्रश्न तेव्हा उघडे होते.

सासूबाई म्हणाल्या, रॉकेल ओता. त्यांच्या माहेरी तेच करत. नवऱ्याने दुकानातून फवारा आणण्यासाठी चप्पल घातलीच होती. तेवढ्यात ओटीवर खिडकीचं काम करत असलेले आमचे सुतारकाका आत आले आणि त्यांनी सगळ्यांना थांबवलं. त्यांचं एकच म्हणणं होतं: रेघ पुसू नका. मातीची रेघ ज्या दोन टोकांना जोडते, त्यातलं एक खाण्याचं आणि दुसरं ओलाव्याचं. दोन्ही सापडल्याशिवाय रेघ मोडली तर दिसणारी वाळवी मरते, उरलेली दुसरीकडून वाट काढते आणि मग ती कुठे आहे हे कळायला आणखी वर्ष जातं. आज मी कुणालाही वाळवीबद्दल काही सांगायला बसले की हेच पहिल्यांदा सांगते. घाबरून झाडू हातात घेण्याआधी टॉर्च हातात घ्या.

काकांनी रेघ जिवंत आहे की मेलेली ते ओळखायची रीत दाखवली. बोगद्याचा दोन बोटं लांबीचा तुकडा स्क्रूड्रायव्हरने अलगद उडवायचा आणि बाकीचा तसाच ठेवायचा. न्हाणीघराच्या दाराच्या मागे छताजवळ गेलेल्या रेघेवर आम्ही तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिंड बुजलेली होती; नव्या मातीचा रंग जुन्यापेक्षा गडद आणि हाताला गार. माळ्यावर वाशालगत तशीच एक रेघ होती, तिथेही तुकडा काढला. ती आतून कोरडी निघाली, हात लागताच भुगा झाली आणि पुढे कुणी दुरुस्त केली नाही. म्हणजे केव्हातरी येऊन गेलेली. पण सोडून दिलेली वाट म्हणजे वाळवी घरातून गेली असं नाही, तिने फक्त तो रस्ता सोडला. म्हणून ती जागा आम्ही खडूने खूण करून ठेवली.

मग खाण्याचं टोक. बोर्डापासून रेघ छताच्या कोपऱ्यातून दाराच्या चौकटीत शिरत होती. चौकटीला तेलरंग दिलेला, वरून एक टवका उडालेला नाही. काकांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने चौकट खालपासून वर ठोकत नेली. आवाज ऐकण्यासाठी त्यांनी पंखा बंद करायला लावला. गुडघ्याच्या उंचीपर्यंत आवाज भरीव, खणखणीत. तिथून वर एकदम बोदा. मग त्यांनी टोकाकडून नुसता टेकवला आणि स्क्रूड्रायव्हर रंगाच्या पापुद्र्यातून आत गेला, मुठीपर्यंत. जोर लावावाच लागला नाही.

त्या चौकटीचा काढलेला तुकडा मी नंतर बराच वेळ उन्हात धरून पाहिला. वाळवी लाकूड वेडंवाकडं कुरतडत नाही. ती रेषांच्या दिशेने जाते, मऊ थर खाते आणि मधले कडक थर सोडते, त्यामुळे लाकडाचे उभे पातळ पडदे उरतात आणि त्यांच्या मधल्या गल्ल्यांना मातीचे ठिपके चिकटलेले असतात. बाहेरचा रंगाखालचा थर ती मुद्दाम शाबूत ठेवते, कारण तोच तिचा आडोसा. हे पाहिल्यावर, डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणं किती महागात पडतं ते समजतं. वाळवी आधी कानाला कळते, मग हाताला, आणि शेवटी डोळ्यांना.

दार घट्ट बसायला लागलं की वाळवीचा संशय घ्या, असा सल्ला बरेच जण देतात. कोकणात आषाढ-श्रावणात प्रत्येक दार फुगतं, तेव्हा त्या खुणेला काही अर्थ नाही. पण चैत्र-वैशाखात, लाकूड सुकून सैल व्हायच्या दिवसांत एखादंच दार अडायला लागलं, तर मात्र त्याची चौकट ठोकून पाहावी. आमचं हेच दार उन्हाळ्यातही अडत होतं.

ओटीच्या खांबांची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती. काकांनी प्रत्येक खांब चारी बाजूंनी ठोकला. तीन धड निघाले. चौथ्याच्या एका कडेला, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात, लाकूड पोकळ लागलं; तिथे काकांनी पटाशी घातली तर तेवढाच पट्टा गळून पडला आणि आतला तांबूस गाभा जसाच्या तसा. साग वाळवीला दाद देत नाही असं सरसकट म्हणतात, ते गाभ्यापुरतंच खरं आहे. गाभ्यात वाळवीला न सोसणारी द्रव्यं असतात, पण सालीलगतच्या फिकट थरात ती नसतात, आणि तो थर सागाचा असला तरी ती रायवळ लाकडाइतकाच आवडीने खाते. न्हाणीघराची चौकट मात्र सागाची नव्हतीच. कुठल्याशा हलक्या, फिकट लाकडाची होती.

लाकडापेक्षा जास्त दुखलं ते कागदांचं. माजघराच्या भिंतीला टेकून एक लाकडी पेटी होती, जमिनीवर ठेवलेली. तिच्यात सासऱ्यांच्या वह्या. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि दर पावसाळ्यात अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहून काढत: तारीख, आकडा, आणि कधीतरी बाजूला "नदीला पूर", "लावणी सुरू". पेटीवर बाहेरून काही खूण नव्हती, कारण वाळवी तळातून शिरली होती. वरच्या वह्या चांगल्या. खालची उचलली तर पुठ्ठा शाबूत, पण हाताला वजनच लागेना. उघडली तर कडा राहिलेल्या आणि मधली पानं गेलेली. त्या जागी कडक मातीचा थर आणि त्यात चिकटलेले निळ्या शाईचे तुकडे. एका तुकड्यावर "मृग" एवढं वाचता आलं. उरलेल्या वह्या आम्ही सावलीत वाळवल्या, प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि आता त्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर लांब आहेत. घराचे दस्त आणि जुने उतारे सुदैवाने आधीपासूनच बँकेच्या लॉकरमध्ये होते. ज्यांचे अजून जमिनीवरच्या पेटीत असतील त्यांनी आजच ती पेटी रिकामी करून तिचा तळ पाहावा, मी अगदी कळकळीने सांगते.

त्या दिवसांत घरातला प्रत्येक किडा मला वाळवी वाटायला लागला होता, म्हणून फरक शिकून घ्यावे लागले. माळ्यावरच्या बांबूच्या टोपल्यांखाली रोज पिवळसर पीठ पडायचं, ते वाळवीचं नव्हतं. पिठूळ भुसा आणि त्याच्या वर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं दिसली, की तो भुंगेऱ्याचा किडा. जमिनीतून येणारी वाळवी लाकडाला बाहेरून भोक ठेवत नाही आणि भुसाही पाडत नाही, ती मागे माती ठेवते. सुक्या लाकडातच राहणारी वाळवी आणखी वेगळी. माझ्या मामेबहिणीच्या दादरच्या घरात जुन्या कपाटाखाली बारीक दाण्यांची ढीगुळी साचायची. झाडली की पुन्हा तिथेच. ते दाणे भिंगाखाली धरले तर प्रत्येकाला सहा कडा दिसतात. ती त्या वाळवीची विष्ठा. तिला जमिनीशी संबंध ठेवावा लागत नाही, मातीच्या रेघा ती बांधत नाही आणि लाकडात असलेल्या ओलाव्यावर भागवते. तिच्यावर फरशीला भोकं पाडून औषध सोडण्याचा काही उपयोग नाही, तिथे त्या लाकडावरच उपाय करावा लागतो. म्हणून आधी कुठली वाळवी ते ठरवायचं, मग माणूस बोलवायचा.

पंखवाल्यांचंही तसंच. मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांचा थवा उठतो, त्यात वाळवी असते तशी मुंग्याही असतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर सरळ; पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटलेली आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. (वाळवी मुंगीच्या कुळातली नाहीच, ती झुरळाच्या जवळची.) अंगणातल्या दिव्याखाली सकाळी पंखांचा सडा दिसला तर त्याचं काही वाटून घेऊ नये, ती पाखरं कुठूनही आलेली असतात. पण बंद खोलीत, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर किंवा फरशीच्या एकाच फटीजवळ पंख साचलेले असतील, तर ती घरातूनच बाहेर पडली आहेत. पुढच्या जूनमध्ये मी रोज सकाळी न्हाणीघराची खिडकी आणि माजघराचे कोपरे झाडण्याआधी पाहत असे.

ओलाव्याचं टोक शोधायला जास्त वेळ लागला. घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीघराच्या भिंतीला लागून मी जास्वंदीचा वाफा केला होता. त्याची माती जोत्याच्या वर गिलाव्यापर्यंत आलेली. काकांनी ती फावड्याने भिंतीपासून दूर ओढली, तर जोत्यावर पेन्सिलच्या जाडीच्या रेघा, एक नाही, शेजारी शेजारी कितीतरी, जमिनीतून निघून जांभ्याच्या सांध्यात शिरणाऱ्या. वाफ्याच्या मातीने त्या झाकल्या होत्या. जोतं उघडं का ठेवायचं याचं मला तेव्हा पटलेलं कारण हेच: तिथून वाळवी चढली तर निदान दिसते. तिथेच मोरीच्या पाइपाचा जोड झिरपत होता. फेब्रुवारीतही तिथली जमीन ओली.

आणि त्याखाली खणलं तेव्हा फळकुटं निघाली. न्हाणीघर बांधताना सेंटरिंगला वापरलेल्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या फाटक्या कागदी पिशव्या, सगळं भरावात टाकून वर कोबा घातलेला. गवंड्याने ते उचलून नेण्याचे कष्ट वाचवले होते. ओलं, पुरलेलं, हलक्या जातीचं लाकूड, वर कायम झिरपणारं पाणी. वाळवीला आमच्या घराकडे आणणारी पहिली गोष्ट तीच होती, चौकट त्यानंतर. कोबा फोडून हात पोहोचला तेवढं सगळं आम्ही काढलं आणि लांब नेऊन जाळलं. बांधकाम चालू असताना घरच्या कुणीतरी भराव टाकताना तिथे उभं राहावं, आणि एकही ढलपी आत जाऊ देऊ नये. पाया आणि भराव भरतानाच मातीत औषध सोडण्याची पद्धत आहे, आयएस ६३१३ या भारतीय मानकात ती सविस्तर दिलेली आहे, पण घराला जोडून एखादी खोली वाढवताना तिची आठवण कुणालाच होत नाही.

एवढं कळल्यावर औषध मारणाऱ्याला बोलावलं. पहिला आला त्याने कुठेही न वाकता, सगळ्या भिंतींवर पंपाने फवारून दहा वर्षांची गॅरंटी देतो असं सांगितलं. त्याला चहा देऊन परत पाठवलं. दुसऱ्याने आल्याबरोबर विचारलं, विहीर कुठे आहे? तिथेच माझा विश्वास बसला. परसातली आमची विहीर न्हाणीघरापासून फार लांब नाही, जांभा सच्छिद्र, पाणी पाझरायला वेळ लागत नाही. त्याने विहिरीच्या अंगाला जमिनीत एक थेंबही सोडणार नाही असं आधीच सांगितलं. तिकडे पाइपाचा जोड बदलणं, लाकूड काढणं आणि जोतं उघडं ठेवणं एवढ्यावरच भिस्त. कृषी विभागाचा परवाना त्याने न मागता दाखवला. असा परवाना असल्याशिवाय हा धंदा करता येत नाही, आणि तो पाहायला मागण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

काम साधं आणि कंटाळवाणं असतं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे फूटभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात औषध मिसळलेलं पाणी, माती आणखी घेईनाशी होईपर्यंत. मग पांढऱ्या सिमेंटने बुजवणं. चौकटीच्या आजूबाजूला भिंतीतही तसंच. औषध इमिडाक्लोप्रिड, ३०.५ टक्क्यांचं, एका लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर या मापाने. बाटलीवरचं माप आणि तो घालत असलेलं माप मी स्वतः ताडून पाहिलं. हे औषध वाळवीला जाणवत नाही. ती त्या मातीतून जात राहते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना ते पसरत जातं. रॉकेलचा किंवा झणझणीत फवाऱ्याचा वास तिला दूर सारतो, वारुळापर्यंत पोहोचत नाही. सासूबाईंना मी हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे दर दोन वर्षांनी परत का यायची ते आत्ता कळलं."

मधमाश्यांना आणि पाण्यातल्या जीवांना हे औषध घातक असतं, म्हणून वाफा, तुळस, अंगण सगळं टाळलं. परसाच्या टोकाला एक जुनं वारूळ आहे, तेही पाडायचं का असं त्याने विचारलं. आम्ही नको म्हटलं. श्रावणात त्याच्याभोवती अळंबी उगवते, वाळवीनेच आत जोपासलेल्या बुरशीची. आमच्या घरात ती आवडीने खातात. शिवाय आजूबाजूच्या गावांतून वारुळाला नमस्कार करून पुढे जाणारी माणसं आहेत, आणि दक्षिणेला सिंधुदुर्गात, गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारुळातली वाळवी घरात येत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते घरापासून लांब आहे, मधली जमीन आम्ही पालापाचोळ्याशिवाय मोकळी ठेवतो, आणि घराकडे येणारी वाट जोत्यावर दिसल्याशिवाय राहणार नाही.

खाल्लेल्या चौकटीच्या जागी ग्रॅनाइटची बसवली. खांबाचा गळालेला पट्टा काकांनी साफ करून त्यावर काजूच्या टरफलांचं तेल चोळलं. इथले जुने सुतार वाशांना तेच लावत आलेत. ते अंगाला लागलं तर कातडी जळते, म्हणून हातमोजे घालूनच. सरपण आणि नारळाची सोडणं आता मागच्या भिंतीला न लावता मांडवात, दगडांवर रचतो. जास्वंद अंगणाच्या गडग्याजवळ हलवली, तिथे ती जास्त फुलते.

आता पावसाळा उलटला की मी टॉर्च घेऊन जोत्याभोवती एक फेरी मारते, मग न्हाणीघर, मोरी, माजघराचे कोपरे, सगळ्या बोर्डांची झाकणं (मेन बंद करून), आणि माळ्यावरची ती खडूची खूण. गेल्या दिवाळीनंतर पूर्वेच्या जोत्यावर एक नवी, बारीक रेघ दिसली. दोन बोटं तुकडा काढला, सकाळी बुजलेला. ती न पुसता फोटो काढून त्या औषधवाल्याला पाठवला. तो आठवड्याच्या आत आला, पन्हळीचं पाणी जोत्याच्या पायथ्याशी साचतंय हे त्यानेच दाखवलं, आणि तेवढ्या भागात पुन्हा भोकं घेतली. पन्हळ आता वाढवून गटारापर्यंत नेली आहे. माळ्यावरची वायरिंग अजून जुनीच, लाकडी पट्टीतून गेलेली आहे. ती काढून उघड्या पाइपात घ्यायची, म्हणजे मागची भिंत दिसत राहील, असं वायरमनशी बोलणं झालंय. मे महिन्यात कौलं उतरवू तेव्हा ते काम होईल.